उलटी छत्री

"काय गं, तळ्यातल्या माशांना पाऊस लागतोय का?" धक्क्यावर नवी कोरी गळाची काठी घेऊन बसलेल्या बापूमामाने विचारलं.

केतकीने तिकडे साफ कानाडोळा केला. आजोबांची छत्री उघडून तिने उलटी केली, मुठीला दोरी बांधली, आत दगड, शिळ्या भाकरीचा चुरा आणि मूठभर सुकट टाकली आणि छत्री पाण्यात सोडली. पैज साधी होती. आधी मासा पकडेल तो जिंकला, हरेल त्याने घरी सगळे मासे साफ करायचे. खवल्यांच्या नुसत्या आठवणीने केतकीच्या अंगावर काटा यायचा.

तासाभराने छत्रीत काहीतरी चमकलं. केतकीने झटकन दोरी ओढली. छत्री पाण्यावर आली आणि तिथेच अडली. पाणी आत येऊ न देणारं कापड ते बाहेर तरी कसं जाऊ देईल? वजनाने केतकीच धक्क्याच्या कडेकडे घसरायला लागली.

"मामा, धर की!"

मामाने काठी खाली टाकून दोरी धरली. दोघांनी सगळा जोर लावून छत्री वर घेतली आणि धक्क्यावर तीन चिमुकले मासे टणाटण उड्या मारू लागले. केतकीही त्यांच्यासोबत!

तेवढ्यात शेजारी सर्रकन आवाज झाला. मामाच्या गळाला भलामोठा मासा लागला होता आणि तो काठीसकट तळ्याच्या मध्याकडे निघाला होता. मामा आ वासून बघतच राहिला.

"जाऊ दे रे मामा," केतकी त्याची पाठ थोपटत म्हणाली, "तेवढाच एक तुला साफ करायला कमी."