पोचवणं

निघते म्हणून कुमुद उठली, तशी शैलाही तिला पोचवायला उठली. बोलणं दारात थोडं रेंगाळलं, पायरीवर आणखी थोडं, आणि खरा विषय निघाला तो फाटकाशी आल्यावर. दवाखान्यात नर्स असताना शैलाच्या हातून चुकीचं इंजेक्शन दिलं गेलं होतं, पेशंट दगावला होता आणि खटला लांबतच चालला होता. गल्लीतलं दुसरं कोणी आता तिच्याकडे येत नसे.

दोघींच्या घोट्यांवर कोर्टाने बसवलेले सारखेच पट्टे होते. शैला आरोपी, कुमुद तिची जामीनदार. आरोपीने फाटक ओलांडलं की जामीनदाराचे पाय जागच्या जागी आखडत आणि आरोपी आत परतली की सुटत. ती परतलीच नाही तर पोलिसांची गाडी येई आणि दोघींना घेऊन जाई.

कुमुद रस्त्यावर चार पावलं गेली आणि तिचे गुडघे हलेनात. तिने मान वळवून पाहिलं. शैला फाटकाबाहेर उभी होती.

"अगं, परत? मागच्या खेपेलाही अशीच कोपऱ्यापर्यंत निघाली होतीस. मोड ना ती सवय!"

शैला हलली नाही.

"शैला, आत जा. गाडी येईल."

"येऊ दे. नातीच्या बारशाचं सांगायचं राहिलंच की तुझं."

लांबून सायरन ऐकू येऊ लागला. कुमुदचा आवाज चढला. "आत जा म्हणते ना!"

"जाते गं," शैला म्हणाली. "पण मी आत गेले की तू जाशील."