गुरांची जेलर

म्हाळाप्पाने दोरी कापायला विळा उगारला, तसा भिवराने दिराचा हात धरला. "दोरीला हात लावायचा नाही, भावजी."

पावसाळ्यापासून गावाच्या गायरानाचे दोन भाग झाले होते. एका भागात म्हाळाप्पाची आणि बाकीच्यांची गुरं पूर्वीसारखी दिवसभर मोकळी हिंडत. दुसऱ्या भागात भिवरा आठ घरांची चाळीस गुरं दोरीचं कुंपण घातलेल्या लहानशा तुकड्यात दाटीने चारायची आणि रोज तुकडा बदलायची. चरून झालेल्या तुकड्यात दीड महिना पाऊल पडू द्यायची नाही. पारावर म्हाळाप्पा तिला 'गुरांची जेलर' म्हणायचा.

थंडी सरता सरता मोकळ्या भागात नुसती माती उरली. गवताने डोकं वर काढलं की गुरं तेच कोवळं पुन्हा खात, त्यामुळे ते मुळातूनच संपलं होतं. दोरीपलीकडे मात्र गुडघाभर गवत उभं होतं.

"गायरान गावाचं आहे वहिनी, तुमच्या बापाचं नाही," म्हाळाप्पा ओरडला.

"बापाचं असतं तर तुम्हाला कधीच हाकललं असतं. गावाचं आहे म्हणून सांगते, गुरं आणा. पण ती माझ्या कळपात राहतील, मी सांगेन तेव्हा हलतील. आणि तुमचा भाग दिवाळीपर्यंत रिकामा राहील. तिथे एक शेळी दिसली तरी गाठ माझ्याशी आहे."

"बाईच्या हुकमाने गुरं चारायची का आम्ही?"

भिवरा काही बोलायच्या आधीच त्याची बायको दोन गायी घेऊन पुढे आली. "तुम्ही बसा भांडत," ती नवऱ्याला म्हणाली आणि जावेकडे वळली. "अक्का, कुठून आत घालू?"