अर्धा कूलर

"मंग पाणी कोणं भरलं?" खुशालरावांनी विचारलं.

"कोणीच नाही. श्याम म्हणतो, आज पाळी तुझी. रागिणी म्हणते, काल तू कूलर अर्धाच भरला होतास, म्हणजे अर्धी पाळी तुझ्याकडेच राहिली. दोघंही हट्टाने घामात झोपले."

खुशालराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. गीतांजलीने मांडीवरचं पुस्तक बाजूला ठेवून वडिलांना पाणी दिलं.

मे महिन्यातला रविवार होता. अकोल्याच्या उन्हात कोंबड्याही सावली सोडत नव्हत्या. गीतांजली दर रविवारी सकाळच्या गाडीने अमरावतीहून यायची. कूलर भरायची, भाकरी थापायची, आणि जेवणं झाली की 'अर्धा कूलर'चं एक प्रकरण व्हायचं. खुशालराव ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले होते. काचबिंदूने नजर गेली आणि मागोमाग बायकोही. त्यानंतर ते हसले नव्हते. नवराबायकोच्या भांडणांची ही कादंबरी सुरू झाली आणि ते रविवार मोजू लागले.

"लेखक कोण म्हणलं होतं तू?"

"सांगितलं ना बाबा, पहिलं पान फाटलंय."

"हो, हो. आण इकडं."

त्यांनी पुस्तक हातात घेतलं. खाकी कव्हरवरून बोटं फिरवली, कणा चाचपला, तळहातावर तोलून पाहिलं. असं ते दरवेळी करायचे, ग्रंथालयातली सवय. मग पुस्तक परत दिलं.

"चालू दे. पानं लय सावकाश पलटवतं तू."

"टाइप बारीक आहे."

त्या दिवशीच्या प्रकरणात रागिणीने पिशवीत चार कपडे भरले. दारातून श्याम म्हणाला, "जायचं तर जा, पण कूलर भरून जा."

या वाक्याला खुशालराव हसतील असं गीतांजलीला वाटलं होतं. ते हसले नाहीत.

"गेली काय मंग थे?"

"गेली."

"अन् वापस?"

"ते शेवटच्या प्रकरणात. पुढच्या रविवारी."

"आजच सांग ना वं. शेवट गोडच पाह्यजे असं काई नाई माह्यं."

तिने घड्याळाकडे पाहिलं. गाडीची वेळ होत आली होती.

निघताना त्यांनी कैरीच्या लोणच्याची बरणी पुढे केली. घरातल्या प्रत्येक वस्तूला ते चिठ्ठी लावून घेत. ते सांगत आणि शेजारच्या इंदूबाई, निवृत्त शिक्षिका, वळणदार अक्षरात लिहून देत. लेकीच्या बरणीवर नेहमी 'सौ. गीतांजली वानखडे' असायचं. आज बरणी कोरी होती.

"जावईबापू नाई आले आजबी?"

"ड्युटी आहे त्यांची."

"असू दे," खुशालराव म्हणाले. "तू येतं न, बस झालं."

मंगळवारी पहाटे इंदूबाईंचा फोन आला. खुशालराव झोपेतच गेले होते.

तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले. ज्याने ज्याने जावयांचं विचारलं, त्याला तिने ड्युटीच सांगितली. संध्याकाळी इंदूबाई येऊन टेकल्या. रिकाम्या खाटेजवळ खाकी कव्हरचं पुस्तक तसंच होतं.

"शेवट वाचून दाखव त्यायले," इंदूबाई म्हणाल्या. "सोमवारी दिवसभर एकच घोकणं. पोरगी वापस जाते का नाई जाते."

गीतांजलीने पुस्तक उचललं, पण उघडेना.

"उघड वं. मी पाह्यलं हाय थे."

तिने उघडलं. पान एकशे बारा. कपाशीच्या बोंडात शिरलेल्या अळीचं चित्र. समोरच्या पानावर फवारणीचा तक्ता. पहिल्या रविवारी वडिलांच्या कपाटात जे हाताला लागलं, ते तिने घेतलं होतं.

"त्यायले पहिल्याच दिवशी समजलं होतं," इंदूबाई म्हणाल्या. "हातात घेतल्याबरोबर. मले म्हणे, बाई, बोलू नका, नाई तं सांगणं बंद करन थे."

गीतांजलीने पुस्तक मिटलं.

"कव्हराच्या आतून पाह्य. सोमवारी माह्याकडून लिहून घेतलं. चिकटवलं मात्र त्यायनंच."

चिठ्ठी तिरकी लागली होती. एका कडेला डिंक ओघळून वाळला होता.

'अर्धा कूलर. कादंबरी. लेखिका : गीतांजली खुशालराव गावंडे.'

सौ. नव्हतं. वानखडे नव्हतं.

तिने माहेरच्या आडनावावर बोट ठेवलं. मग खाटेकडे वळली.

"दीड वर्ष झालं, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "रागिणी वापस नाही गेली."