विरुद्ध बाजू

"आज लूशियस सरकारची बाजू मांडेल," मिस इमोजीन म्हणाल्या.

तुरुंगाच्या ग्रंथालयात बसलेल्या सहा कैद्यांत हशा पिकला.

"माझ्याच विरुद्ध?" लूशियस ओडमचा चेहरा उतरला. "मिस इमोजीन, सोमवारी सुनावणी आहे माझी. आजच हे कशाला?"

"सोमवारी आहे म्हणूनच. समोरच्याची बाजू त्याच्याहून सरस मांडता आली, तरच ती खोडता येते."

अलाबामातील या तुरुंगात निवृत्त वकील इमोजीन फेअरक्लॉथ दर गुरुवारी कायदा शिकवीत असत. स्टोक्स नावाच्या वृद्ध दुकानदाराच्या खुनापायी लूशियस एकोणीस वर्षे जन्मठेप भोगीत होता. आपण दुकानात पाऊलही टाकले नाही, बाहेर पेट्रोलपंपापाशीच उभे होतो, असे तो प्रथमपासून सांगत आला होता. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवूनच बाईंनी उतारवयात पुनश्च न्यायालयाची पायरी चढण्याचे ठरविले होते. सोमवारी न्यायाधीश अनुकूल झाले, तर तो सुटणार होता.

लूशियस उठला. खटल्याच्या दप्तरात नाही ते बोलायचे नाही आणि प्रत्येक विधानाचे पान सांगायचे, हा वर्गाचा दंडक होता.

"आरोपी म्हणतो, मी बाहेर होतो. पण त्याच्या बुटांना दुकानातलं पीठ लागलं होतं."

"पान बोल, सरकार!" धिप्पाड डेलरॉय ओरडला.

"दोनशे बारा."

"आयला, पाठ आहे की याला!"

"गोळी दोन हात अंतरावरून झाडली. पान चारशे आठ."

"अरे, हा तर स्वतःलाच फासावर चढवतोय!"

पुन्हा हशा उसळला. बाईंच्या मुद्रेवर समाधान पसरले. एवढा तल्लख विद्यार्थी त्यांना कायद्याच्या महाविद्यालयातही लाभला नव्हता. लूशियसला आता आवेश चढला होता. त्याचा आवाज खर्जात उतरला.

"तो आत होता हे सिद्ध झालं, तर आरोपी म्हणेल, झटापट झाली, चुकून चाप ओढला गेला. साफ खोटं! म्हातारा जागचा हललासुद्धा नाही. बंदूक दिसली, तरी उकडलेल्या शेंगांची मूठ पुढे करून म्हणाला, 'घे पोरा, आधी खाऊन घे.' आणि अशा माणसावर यानं गोळी झाडली!"

 कोणीतरी टाळी वाजविली.

"काळीज हललं, वकीलसाहेब," डेलरॉय हसत म्हणाला. "पण पान?"

लूशियसने दप्तर उघडले. एक पान उलटले, दुसरे उलटले. मग त्याची बोटे भराभर चालू लागली.

"पान, सरकार, पान!" डेलरॉयने बाकावर ठेका धरला.

मिस इमोजीन यांनी आपल्यापुढील दप्तराला हात लावला नाही. त्याची एक हजार एकशे बारा पाने त्यांना मुखोद्गत होती. मरण्यापूर्वी स्टोक्स काय बोलला, हे त्यांतील एकाही पानावर नव्हते.