परक्या मातीला नेलेला केक

"दोन-दोन मिनिटं बोला, जास्त नको," पाद्रीबाबा म्हणाले. आणि कुणी उठेचना.

ओझेला टिब्स शवपेटीत जांभळी टोपी घालून निजली होती. पुढच्या बाकावर तिचा एकुलता एक मुलगा डेल्मर मान खाली घालून बसला होता. शिकागोहून रात्रभर बसने आलेला. आईला शेवटचं जिवंत कधी पाहिलं, हे त्यालाही आठवत नसावं. मागे थोडीशी माणसं कागदी पंखे हलवत एकमेकांकडे बघत होती. तू ऊठ, नाही तूच ऊठ.

तिसऱ्या बाकावर व्हर्निटा होती. ओझेलाला तिने आयुष्यात पहिल्यांदा आज पाहिलं, तेही पेटीत.

ती आली होती ओझेलाच्या घरासाठी. शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी तिने मुकादमणीच्या अंगावर ॲप्रन भिरकावून सोडली होती, आणि सगळ्या मेम्फिसला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं, की आता व्हर्निटा धंदा करणार. धंदा असा, की अडलेल्या माणसाचं घर स्वस्तात ठरवायचं, त्याची सही घ्यायची, आणि तो सहीचा कागद रोकडवाल्या गिऱ्हाइकाला विकून मधला पैसा आपण ठेवायचा. हा धंदा तिला शिकवणाऱ्या एका पोराने नेम घालून दिला होता. सकाळी कॉफीच्या आधी पेपरातले मयतीचे रकाने वाचायचे. मग गाडी घेऊन गल्ल्या फिरायच्या. जिथे गवत कमरेला लागलंय, ते दार वाजवायचं. येताजाता खांबांवर 'घर विकत घेतो'च्या पाट्या ठोकायच्या. आणि मयतीला रिकाम्या हाताने जायचं नाही. आधी दुःख बोलायचं, घराचं मागून.

नेम तिने एक दिवस मोडला नाही. पण घर एकही हाती लागलं नव्हतं. हेही गेलं, तर त्याच मुकादमणीपुढे जाऊन ॲप्रन परत मागायची पाळी होती. त्यापेक्षा ओझेलाशेजारी आडवं झालेलं बरं.

म्हणून ती उठली. घरच्यांना आपला चेहरा लक्षात राहावा, एवढ्यासाठीच उठली. पण पुढे जाऊन उभी राहिली, तर डेल्मर तिच्याकडे बघत होता, उपाशी पोर दुसऱ्याच्या ताटाकडे बघतं तसा. आणि व्हर्निटाची जीभ सुटली.

"ओझेला आणि मी चर्चमध्ये एकत्र गायचो," ती म्हणाली. "दर रविवारी गाणं झालं की माझा हात धरून म्हणायची, माझा डेल्मर येईल बघ. त्याला सांग, दार उघडंच आहे. माझा राग नाही."

डेल्मरने तोंडावर हात दाबला, पण हुंदका बोटांतून बाहेर आलाच. मागून कुणीतरी "आमेन" म्हणालं.

व्हर्निटा जागेवर येऊन बसली. चार पोरं वाढवली होती तिने. त्यातलं कुणी खोटं बोललं की ती तोंडात साबण कोंबायची.

माती झाली. चर्चच्या तळघरात जेवणं मांडली. तळलेली कोंबडी, पालेभाजी, आणि व्हर्निटाने स्वतः केलेला साखरपाकाचा केक. डेल्मर ताट घेऊन थेट तिच्याशेजारी येऊन बसला.

"मिस व्हर्निटा, कब्रस्तानाच्या फाटकातच लोकांनी हातात कार्डं कोंबली हो. घर विकणार का म्हणे! आईवर अजून माती पडली नव्हती. कसली गिधाडं असतात ही!"

"असतात बाळा," व्हर्निटा म्हणाली, आणि पर्स मांडीखाली सरकवली. आत तिचीही कार्डं होती, गुलाबी.

"खरं सांगू? विकूनच टाकणार होतो. पहिला भेटेल त्याला किल्ली द्यायची आणि आजच्याच बसने परत. पण आई म्हणाली ना, दार उघडं आहे. आता मी इथंच राहतो." त्याने तिचा हात धरला. "तुम्ही रविवारी जेवायला या. दर रविवारी या. मला तिचं सांगा. ती काय गायची, कशाला हसायची. मला काही ठाऊक नाही हो. तुमच्याशिवाय विचारू कुणाला?"

व्हर्निटाने हातातला कोंबडीचा तुकडा ताटात परत ठेवला. आत्ता खरं सांगितलं, तर हा पोरगा उठेल, शिव्या घालेल, आणि पहिल्या कार्डाला घर देऊन बस पकडेल. पहिलं कार्ड तिचंही असू शकत होतं. धंदा आणि खरं बोलणं आज पहिल्यांदाच एका बाजूला उभी होती.

"येईन," ती म्हणाली.

मग ताट उचलून ती आत मोरीकडे गेली. तिथे ओझेलाची शेजारीण ल्यूटी बाह्या वर करून भांडी घासत होती. तिने मान वळवली नाही.

"तिच्या कुंपणाला कुंपण लावून जन्म गेला माझा," ल्यूटी म्हणाली. "एकत्र गायचो म्हणे! ओझेलाने सूर लावला की माझं कुत्रं पलंगाखाली शिरायचं. आणि पोराचं नाव कुणी काढलं, की ही उठून घरात जायची. दिवसभर बाहेर यायची नाही. कोण गं तू बये? काय नडलं होतं तुझं?"

बाहेर डेल्मर कुणाला तरी सांगत होता, "आईचा राग नव्हता माझ्यावर. तिच्या मैत्रिणीला विचारा."

व्हर्निटाने दाराआडचं फडकं घेतलं आणि ल्यूटीच्या हातातली ओली थाळी पुसायला घेतली. मान वर करायची तिची छाती झाली नाही.

"ते मग सांगते," ती म्हणाली. "आधी मला सांग, ओझेला होती तरी कशी?"