पूजेतला नट

ॲक्सलचा नट शोधण्यासाठी निरंजननं अंगणातला प्रत्येक डबा उपडा केला. गाडीचा वळणावर कटकटणारा झिजलेला जॉइंट काढून त्यानं नवा बसवला होता. हा मोठा नट आवळला की चाक चढवून निघायचं होतं. "स्टँडवर न्यायला कुणी दिसलं नाही, तर त्याच एसटीनं परत फिरेन," रेवतीनं फोनवर बजावलं होतं. आईशी भांडून लग्न केलेली बहीण पहिल्यांदाच माहेरी येत होती, आणि आईला ते सांगायची त्याची छाती झाली नव्हती.

नट घरात पडलाय का बघायला तो आत शिरला आणि थबकला. आज खंडेनवमी. आईनं पाटावर हत्यारं पुजली होती. विळी, कोयता, हातोडी, आणि मधोमध हळदकुंकू लावलेला, झेंडू वाहिलेला तो नट!

"आई, तो दे. आत्ता लागतोय."

"पुजलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत हलवायचं नाही."

"अगं, नट म्हणजे काय हत्यार आहे? एसटी येऊन जाईल!"

"सकाळपासून गाडीखाली लोळतोयस. कोणाला आणायचंय?"

"रेवतीला," तो कसाबसा म्हणाला. आता ही घर डोक्यावर घेणार, म्हणून त्यानं मान खाली घातली.

आईनं देवाला हात जोडले. झेंडू बाजूला केला, नट उचलून त्याच्या तळहातावर ठेवला आणि ती चपला शोधायला वळली.

"घट्ट आवळ," ती म्हणाली. "येताना बाळ माझ्या मांडीवर असेल."

बाळाबद्दल त्यानं अजून अवाक्षरही काढलं नव्हतं.