न दुखणारा थेंब

मृणाल धातू-प्रयोगशाळेची प्रमुख झाल्यापासून हेरंबने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. ती जागा आपलीच होती, असं त्याला वाटे.

त्या दुपारी टायटॅनियमचा तुकडा आम्लात बुडवताना त्याचा हातमोजा फाटून आम्ल बोटांना लागलं. बोटं पुसून तो पुन्हा कामाला लागला. मृणालने ते पाहिलं आणि त्याला ओढत नळाखाली नेलं.

“सोड, काही दुखत नाहीये!”

“हायड्रोफ्लोरिक आहे ते. दुखायला लागेल तेव्हा हाडापर्यंत गेलेलं असेल.”

बोटं भरपूर धुऊन झाल्यावर तिने स्वतःच्या हातांत नवे हातमोजे चढवले आणि रुग्णालयाकडे जाताना गाडीत शेजारी बसून त्याच्या बोटांना कॅल्शियमचं मलम चोळत राहिली. अर्ध्या वाटेत बोटं ठणकू लागली. हेरंब पांढराफटक पडला.

“बोटं वाचली,” डॉक्टर म्हणाले. “ह्या कोण, मिसेस?”

“नाही,” हेरंब म्हणाला, “आमच्या साहेब.”